बंद हॉल्टवर उभी राहिलेली गाडी

या सदरात मी आजवर फक्त वाचायला येत होतो. खरं सांगायचं तर वाचायला कमी आणि मनातल्या मनात खोडून काढायला जास्त. कुणी लिहिलं की वळणावर बाई दिसली, की मी म्हणायचो — धुकं असेल, हेडलाइट असेल, डोळ्यावर झोप असेल. नंदुरबारच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स लॅबचा असिस्टंट आहे. एकाच लंबकाचं रीडिंग दहा मुलं घेतात आणि दहा वेगळी उत्तरं आणतात, हे मी रोज बघतो. त्यामुळे माणसाच्या डोळ्यांवर किती भरवसा ठेवायचा, हे मला शिकवायची गरज नव्हती.

आता जे लिहितोय ते मी स्वतः पाहिलेलं आहे, निदान अर्धं तरी. उरलेलं अर्धं ज्याने पाहिलं, तो माणूस माझ्या घरी येऊन, चहा न पिता, समोर बसून बोललेला आहे. लिहायची परवानगी मी बहिणीकडून घेतली. ती म्हणाली, "लिख. पण माले देवी करू नको."

तेव्हा देवी नाही. माझी बहीण छाया, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, दिली सुरतेला. नावं बदलली आहेत, गावाचंही. गावाला आपण निमखेडे म्हणू.

निमखेडे नंदुरबारपासून रेल्वेने पंधरा मिनिटं. गावाच्या दोन्ही अंगांना नाले, मधे आम्ही. कोरीटकडून येणारा रस्ता पश्चिमेच्या नाल्यावरच्या फरशीवरून गावात शिरतो. फरशी म्हणजे बुटका पूल, पाऊस जोराचा झाला की पाण्याखाली जाणारा. गावाच्या दक्षिणेला एक किलोमीटरवर उंच भरावावरून रेल्वेची लाइन जाते आणि तिथेच आमचा हॉल्ट. हॉल्ट म्हणजे काय, तर एक बुटका प्लॅटफॉर्म, एक खोली, तिला तिकिटाची खिडकी, दोन निंबाची झाडं आणि पिवळा बोर्ड. सिग्नल नाही, स्टेशन मास्तर नाही. गावातलाच एक जण कमिशनवर तिकिटं विकायचा. पॅसेंजर सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा थांबायची. मी अकरावीपासून तिनेच प्रवास केला, बी.एस्सी.साठी लोणखेड्याला राहायला जाईपर्यंत आणि नोकरी लागल्यावर पुन्हा.

लॉकडाउनमध्ये गाड्या बंद झाल्या. नंतर सुरू झाल्या, पण आमच्या हॉल्टवर थांबेनात. तिकीटविक्री कमी, असं कळलं. खिडकीला पत्रा ठोकला. प्लॅटफॉर्मवर गवत वाढलं, त्यात शेळ्या चरायला लागल्या. गाडी मात्र रोज जायची — त्याच वेळेला, हॉर्न देऊन, आमच्या डोळ्यांसमोरून. लोकांनी अर्ज केले, सह्या गोळा केल्या. मी मोटरसायकल घेतली आणि विषय सोडून दिला.

त्यानंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यात छाया बाळंतपणाला घरी आली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पहिलंच. आठवा महिना.

भाद्रपद चालू होता. गणपती बसलेले. त्या आठवड्यात पावसाने असा ठिय्या दिला की कापसाच्या सऱ्यांतून पाणी वाहत होतं. सोमवारी संध्याकाळी छाया मला म्हणाली, "भाऊ, मन्हं पोट बरं नही वाटी ऱ्हायनं. बाळ आते पहिलासारखं हालस नही."

मी मोबाइलमध्ये होतो. म्हणालो, "पुढच्या आठवड्यात तपासणी आहेच ना. पाऊस उघडू दे."

मंगळवारी ती पुन्हा म्हणाली. थोडंसं लाल गेलंय, असं तिने आईला सांगितलं. आई म्हणाली, "व्हस तसं कधी कधी. पडी ऱ्हाय." मी म्हणालो, उद्या पाहू. तेव्हा फरशीवर अजून पाणी आलेलं नव्हतं. मोटरसायकल नाही, तर शेजारची जीप मिळाली असती. हे मी इथे लिहून ठेवतोय, कारण पुढे जे झालं त्यातल्या एवढ्या भागाचं स्पष्टीकरण माझ्याकडे आहे.

बुधवारी सकाळी नऊला आईची हाक आली. मी आत गेलो तर छाया मोरीच्या उंबऱ्यावर भिंतीला धरून उभी होती आणि तिच्या पायांखालची लादी... नको. लिहिवत नाही. आईने तिला बाजेवर निजवलं. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईला बोलावलं. तिने एकदाच पाहिलं आणि मला बाहेर घेऊन आली.

"दादा, आत्ताच्या आत्ता न्यावं लागेल. आता वेळ नाही आपल्याकडे."

ॲम्ब्युलन्स निघाली होती, आलीही, पण नाल्याच्या पलीकडे. फरशीवरून छातीएवढं पाणी चाललेलं. एकाने ट्रॅक्टर घातला, तो मधेच एका अंगाला सरकायला लागला, कसाबसा मागे घेतला. पलीकडे ॲम्ब्युलन्सचा निळा दिवा फिरताना दिसत होता. मधे फक्त पाणी. मी त्या काठावर उभा राहून आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने रडलो.

मला हाताला धरून मागे ओढलं ते भटू आबांनी. आबा आमचे शेजारी, रेल्वेत गँगमन होते. रिटायर होऊन दहा वर्षं झालेली, पण अजून गाडीच्या आवाजावरून ती किती लेट आहे हे सांगायचे.

"रडू नको. रेल्वेना पूल शे ना. त्यावर पानी येत नही. खाट लई चाल, पूल वलांडी फाटकवर जाऊत. ॲम्ब्युलन्सले सांग, फाटकवर येवाले."

रेल्वेचा पूल त्याच नाल्यावर, हॉल्टच्या पुढे अर्ध्या किलोमीटरवर, नंदुरबारच्या बाजूला. त्याच्या पलीकडे फाटक. मी ड्रायव्हरला फोन लावला, तो म्हणाला वीस मिनिटांत पोहोचतो. आम्ही चौघांनी बाज उचलली. छायाच्या अंगावर आईने गळ्यापर्यंत दोन गोधड्या घातल्या, वरून ताडपत्री बांधली. फक्त तोंड उघडं. चिखलातून तो एक किलोमीटर आम्ही कसा कापला ते आठवत नाही. एवढं आठवतं की वाटेत ती एकदा म्हणाली, "भाऊ, मी तुले सोमवारपासून सांगी ऱ्हायनू." त्यानंतर तिचा आवाज बंद झाला.

प्लॅटफॉर्मवर चढलो तेव्हा पावणेअकरा झाले असतील. बाज खाली ठेवली. आशाताईने नाडी धरली, गालावर थापट्या मारल्या. छाया शुद्धीवर नव्हती. ताडपत्रीच्या कडेने थेंब पडत होते आणि ते पावसाचे नव्हते.

"उचला," मी म्हणालो.

"थांब," आबा म्हणाले. "पॅसेंजर येवानी टाइम व्हयनी. पूलवर बाजूले सरकाले जागा नही. मानूस उभा ऱ्हाई, खाट नही. दुसरी लाइनवर मालगाडीना भरोसा नही. पॅसेंजर जाऊ दे, मंग निंघूत."

"किती वेळ?"

"दहा मिनिट. पंधरा."

मी आशाताईकडे पाहिलं. तिने मान फिरवली.

ती दहा मिनिटं... मी आजही रस्त्याने चालताना मधेच थांबतो ते त्या दहा मिनिटांमुळे. आई बाजेशेजारी गवतात बसून छायाचे हात चोळत होती. मी आबांना म्हणालो, आपण गाडी थांबवू. आबा म्हणाले, "कशी थांबाडशी? आठे हात दखाडीसन काय फायदा नही. त्या वळनमुळे ड्रायव्हरले आपन दिसनूत तवपावत गाडी आंगवर उनेली ऱ्हास. वळनना पलाड जाई, लाल दखाडनं पडी."

वळण पूर्वेला, अर्धा-पाऊण किलोमीटरवर. बाभळींनी भरलेलं, ड्रायव्हरला आम्ही अगदी शेवटी दिसणार. लाल कापड आमच्यापैकी कुणाकडे नव्हतं. मी नंदुरबारच्या मित्राला फोन केला, म्हणालो, स्टेशनवर धाव, कुणालाही सांग, आमच्या हॉल्टवर गाडी थांबवायला सांग. तो निघाला. आणि मी रुळांवर उतरून वळणाकडे पळत सुटलो. खडीवरून पावसात पळता येत नाही. शंभर पावलांत दोनदा पडलो. दुसऱ्यांदा पडलो तेव्हा हॉर्न ऐकू आला.

नेहमीचा नव्हता. एकच, लांब, न तुटणारा. मग ब्रेक. ज्यांनी गाडी सगळ्या ताकदीनिशी थांबताना जवळून ऐकली आहे त्यांना सांगायला नको. बाभळींच्या आडून इंजिन बाहेर आलं. मी भरावाच्या कडेला लोळलो. ती माझ्याजवळून गेली तेव्हा वेग कमी झालेला होता, चाकांखालून जळका वास येत होता. आणि गाडी थांबली, इंजिन बरोबर प्लॅटफॉर्मच्या टोकाला. तीन वर्षांत तिथे एकही गाडी उभी राहिलेली नव्हती.

मी धावत मागे आलो. मला वाटलं, मित्राने काम केलं. गाडीतले लोक दारांत येऊन पाहत होते. ड्रायव्हर खाली उतरला, पन्नाशीच्या आतबाहेरचा, जाड मिशा. मी हात जोडून त्याच्याकडे गेलो, पण त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. तो गुडघ्यांवर बसला, इंजिनाखाली वाकून पाहायला लागला. मग दुसऱ्या बाजूने पाहिलं. पहिल्या डब्याखाली पाहिलं. गार्ड मागून पळत आला आणि त्याने विचारलं, "क्या हुआ? लगा क्या?" तो पुन्हा खाली वाकला.

"साहेब," मी म्हणालो, "बहीण आहे माझी. मरतेय. नंदुरबारपर्यंत घेऊन चला. पाया पडतो तुमच्या."

तो उठला. बाजेपाशी आला. छायाच्या तोंडाकडे त्याने पाहिलं आणि एक पाऊल मागे सरला. मग मला विचारलं, "ही बाई इथे कधीपासून आहे?"

मला वाटलं हा माणूस वेडा आहे. म्हणालो, "दहा मिनिटं झाली असतील."

"उठली होती का? इथून कुठे गेली होती का?"

"अहो, ती शुद्धीवर नाहीये."

तो गार्डकडे वळला आणि म्हणाला, "चढवा. लवकर चढवा." आणि इंजिनाकडे निघून गेला.

चौदा मिनिटांत आम्ही नंदुरबारला होतो. गार्डने पुढे कळवलं होतं, स्टेशनबाहेर दुसरी ॲम्ब्युलन्स तयार होती. गोधड्यांसकट तिला डब्यातून काढलं आणि थेट ऑपरेशनला नेलं.

छाया वाचली. बाळ वाचलं नाही. मुलगी होती. आणि डॉक्टरांनी सांगितलं, पिशवी काढावी लागली. डॉक्टरांनीच असंही सांगितलं की आणखी अर्धा तास झाला असता तर छायाही नसती. त्याच्या आधीचे दोन दिवस त्यांनी विचारले नाहीत, मीही सांगितले नाहीत.

मित्राचं म्हणाल तर तो मला संध्याकाळी दवाखान्यात भेटला. म्हणाला, "सॉरी यार, ट्रॅफिकमध्ये अडकलो. मी स्टेशनवर पोहोचलो तेव्हा तुमची गाडी प्लॅटफॉर्मला लागत होती." म्हणजे त्याने कुणाला काहीच सांगितलं नव्हतं. मग गाडी थांबली कशी? मी तेव्हा फार विचार केला नाही. ड्रायव्हरला रुळावर गुरं दिसली असतील. नशीब. एवढ्यावर सोडून दिलं.

छाया दोन महिने आमच्याकडे होती. कमी बोलायची. मेहुणे चांगले माणूस, येऊन तिला घेऊन गेले. नंतर ती यायची ती आईसाठी. माझ्याशी बोलायची, जेवायला वाढायची, पण सोमवार-मंगळवारचा विषय तिने काढला नाही आणि मीही नाही.

मागच्या हिवाळ्यात हॉल्ट पुन्हा सुरू झाला. पत्रा काढला, खोलीला रंग दिला, गवत कापलं. पहिल्या दिवशी अख्खं गाव जमलं होतं, डफ वाजत होता. गाडी थांबली, बायकांनी इंजिनाला हार घातला, नारळ फोडला. ड्रायव्हरला पेढा द्यायला म्हणून मी पुढे झालो आणि ओळखलं. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. त्यानेही ओळखलं. पेढा हातात तसाच धरून त्याने पहिलं विचारलं ते, "ती बाई आहे का?"

"आहे," मी म्हणालो. "वाचली. तुमच्यामुळे."

त्याने डोळे मिटले. मग खिशातून कागद काढला, नंबर लिहून दिला. "मला तिला भेटायचंय. ही पहिली गाडी मी मुद्दाम मागून घेतली, याच्यासाठीच." गाडी सुटली.

पुढच्या रविवारी सकाळच्या पॅसेंजरने तो आला, साध्या कपड्यांत. त्याला आपण सपकाळे म्हणू. छाया त्या आठवड्यात घरीच होती. ती चहा घेऊन बाहेर आली आणि सपकाळे उभे राहिले. बराच वेळ नुसते पाहत राहिले.

"बसा ना, काका," छाया म्हणाली.

ते बसले. आणि हळूहळू, अडखळत, त्यांनी सांगितलं. मी त्यांच्याच शब्दांत लिहितो.

"वळणाच्या अलीकडे आलो तेव्हा पाऊस होता, पण समोर स्वच्छ दिसत होतं. रुळांच्या बरोबर मधे बाई उभी. मी हॉर्न धरला. हलली नाही. एक हात पोटाखाली, दुसरा असा वर — पंजा माझ्याकडे. दिवस भरत आलेले, ते लांबूनही कळत होतं. मी इमर्जन्सी ब्रेक टाकला. पण मला माहीत होतं, एवढ्या अंतरात गाडी थांबत नाही. सत्तावीस वर्षं गाडी चालवतोय, माणसं आली आहेत माझ्या चाकाखाली. ते कसं असतं ते कळतं. शेवटच्या क्षणी मी डोळे मिटले... आवाज झाला नाही. काहीच झालं नाही. गाडी तिच्यावरून गेली आणि पुढे तुमच्या प्लॅटफॉर्मला थांबली. खाली वाकून पाहिलं, काही नाही. आणि मग खाटेवर तीच."

आई दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

मी लॅबवाला. मी लगेच म्हणालो, "सपकाळेसाहेब, रागावू नका. तुम्ही गुरं पाहिली असतील, किंवा दुसरं कुणी. नंतर हिचा चेहरा पाहिला आणि घाबरलेल्या मनाने दोन्ही जोडलं. असं होतं."

"मीही स्वतःला तेच सांगितलं," ते म्हणाले. "डोळे तपासले. रिपोर्टमध्ये 'रुळावर गुरे' असं लिहिलं. बायकोला सांगितलं नाही. साहेबांना सांगितलं असतं तर गाडी हातातून काढून घेतली असती. तीन महिने झोप नव्हती. डोळे मिटले की तो पिवळा गाऊन. त्याला समोर मोठे दोन खिसे, तपकिरी."

आईने तोंडावरचा पदर काढला.

गाऊन पिवळाच होता. समोर दोन तपकिरी खिसे होते. पण सपकाळ्यांनी तो पाहिलेलाच नव्हता. छाया गळ्यापर्यंत दोन गोधड्यांत होती, वर ताडपत्री. ते इंजिनात, ती चौथ्या डब्यात. नंदुरबारला ती तशीच गुंडाळलेली उतरली. गाऊन दवाखान्यात कापून काढला आणि आईने तो नंतर जाळला. मी चार-पाच वेळा विचार केला की कुठून तरी त्यांना दिसला असेल. सापडत नाही.

आई तेव्हा पहिल्यांदा बोलली. "दवाखानामा मी तिना पाय पुसनात," ती म्हणाली. "तळवे काळे व्हतात. तेलना मायक. अंगठाले खडी लागेल मायक कापेल व्हतं. मी कोनले सांगं नही." तेल आणि खडीचं ऐकून मी विचारलं, सकाळी परसात अनवाणी गेली असेल? आई म्हणाली, व्हई. हा मुद्दा मी पुरावा म्हणून धरत नाही. पण लिहायचा राहायला नको.

सपकाळे छायाकडे वळले. "ताई, मी एवढंच विचारायला आलो. तुम्ही त्या वळणावर आला होतात का? कसंही. एकदा हो म्हणा, म्हणजे मी सुटलो."

छाया खाली बघत होती. म्हणाली, "काका, माले काहीच याद नही. खाट उचलेल याद शे. मंग दवाखाना."

सपकाळ्यांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते.

मग छायानेच विचारलं. "काका, मी रडत होते का तिथे? घाबरलेली होते?"

त्यांनी थोडा विचार केला. "नाही. भीती अजिबात नव्हती चेहऱ्यावर. राग होता. इतका राग मी कुणाच्या तोंडावर पाहिला नाही."

छाया माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंग मीच व्हसू ती."

मी उठून परसात गेलो. सपकाळे कधी निघाले मला कळलं नाही. भटू आबांनी त्यांना हॉल्टवर पोहोचवलं.

आबांना कळलं म्हणजे गावाला कळलं. आठ दिवसांत वळणाजवळ, भरावाच्या खाली, कुणीतरी एक दगड ठेवला. शेंदूर लावला. दिवस गेलेल्या बायका तिथे नारळ ठेवायला लागल्या. छायाला हे कळलं त्या दुपारी ती एकटी चालत गेली. मी मागून गेलो. दोन बायका तिथे हात जोडून होत्या. छायाने दगडाजवळचे नारळ उचलून त्यांच्या हातात दिले आणि म्हणाली, "मी जिती शे ना. मन्हा दगड कशाले? तुमले काही दुखतं व्हई तर आजच दवाखानामा जा. कोनी 'उद्या' म्हने तर त्यानं आयकू नका."

तिने दगड दोन्ही हातांनी उचलून नाल्यात टाकला. मग भरावावर चढून ती रुळांच्या कडेला उभी राहिली आणि इकडेतिकडे पाहिलं. तिथून प्लॅटफॉर्म दिसत नाही. बाभळी आड येतात. मी तिला विचारलं, काही आठवतं का. ती म्हणाली, "नही."

मी नंतर सगळं तपासलं. ब्रेक मारल्यावर गाडी किती अंतरात थांबते, त्या वळणावरून किती दिसतं, त्या सकाळी कुणाची गुरं मोकळी होती का, गावात दुसरी कुणी तशी बाई होती का. मोबाइलवरचे कॉल पाहून मिनिटं मांडली. वहीची अकरा पानं भरली. छाया बाजेवरच होती, मी वळणाकडे पळालो तेव्हाही पाच माणसं तिच्याभोवती होती, हे पक्कं. गाडी थांबली, हेही पक्कं. मधल्या जागेत लिहायला माझ्याकडे काही नाही. कुणाकडे असेल तर जरूर कळवा. 'योगायोग' एवढंच लिहू नका, तो शब्द मी स्वतःच खूपदा वापरून पाहिला आहे.

परवा छाया सुरतेला परत गेली, आमच्याच हॉल्टवरून. मी सोडायला गेलो होतो. तिकीट काढलं, निंबाखाली दोघं उभे राहिलो. पूर्वेकडून हॉर्न आला, वळणावरून गाडी दिसली. मला वाटलं, आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही.

"छाया," मी म्हणालो, "तू सोमवारी मला सांगितलं होतंस, आणि मी..."

तिने पिशवी खांद्यावर घेतली.

"आते नको सांगू, भाऊ," ती म्हणाली. "गाडी आठे दोनच मिनिट उभी ऱ्हास."

तिला डब्यात चढवलं. खिडकीशी जागा मिळाली. मी खाली उभा होतो, ती माझ्याकडे बघत होती, आणि गाडी दोन मिनिटं पुरी व्हायच्या आतच सुटली.